आधी पहिला परत लावा

(दृश्य : पहाटेचं धुकं. रिकामं यार्ड. लांबून इंजिन सुरू झाल्याचा आवाज.)

डिसेंबरातली सकाळ. सात वाजून गेलेत, पण आडगावच्या बाजूच्या या यार्डात ऊन अजून पोचलेलं नाही. निफाडचा पारा उतरला की नाशिकमध्येही बोलताना तोंडातून वाफा निघतात. रात्री इथे उभे असलेले ट्रक पहाटेच मार्गी लागले. दुपारी दोनपर्यंत ही जमीन इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांना वापरायला मिळालेली आहे.

सिमेंटवर खडूनं दोन गोल आखलेत, एकमेकांना खेटून, इंग्रजी आठासारखे. प्रत्येक गोलात आतल्या वर्तुळाचा व्यास सव्वापंधरा मीटर, बाहेरच्या वर्तुळाचा सव्वाएकवीस. मधल्या तीन मीटरच्या पट्ट्यातून गाडीनं दोनदा उजवीकडे फिरायचं, दोनदा डावीकडे. दोन्ही बाजूंचा दुसरा फेरा घड्याळात धरायचा. याला स्किडपॅड म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं. पण हा घेर साडेपाच सेकंदांत मारायचा, तर ताशी साडेसदतीस किलोमीटरचा वेग न सोडता सतत वळत राहावं लागतं, आणि त्या वेळी चालवणाऱ्याला आपल्या वजनाच्या सव्वापट जोर बाहेर ढकलत असतो. गाडी किती चांगली वळते, याचा हिशेब इथे लपत नाही.

गाडी मुलांनी स्वतः बांधलेली आहे. नळ्यांची चेसी म्हणजे सांगाडा, एक माणूस कसाबसा मावेल एवढी जागा, आणि मागे ड्यूक ३९० बाइकचं ३७३ सीसीचं इंजिन. एकच सिलिंडर. जानेवारीत कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ‘फॉर्म्युला भारत’ ही इंजिनिअरिंग कॉलेजांची स्पर्धा असते. तिथे जायला आता थोडेच दिवस उरलेत.

(दृश्य : पत्र्याचं टेबल. त्यावर दोन सायलेन्सर.)

टेबलावर दोन सायलेन्सर ठेवलेत. एक लांब : त्याचा पाइप इंजिनाला वळसा घालून बाजूनं पुढे येतो आणि डबा गाडीच्या पोटाशी बसतो. दुसरा आखूड : पाइप सरळ मागे जातो आणि डबा मागच्या चाकांच्याही मागे लटकतो. लांब सायलेन्सर दीड किलोनं जड आहे. आखूड दिसायला देखणा आहे, अगदी शर्यतीच्या गाडीसारखा.

“कोणता लावायचा ते आज ठरवायचंच,” टीमची कॅप्टन म्हणते. तिसऱ्या वर्षाला आहे. हातमोजे घातलेत, तरी बोटं बगलेत धरून उभी आहे.

सायलेन्सर बदलल्यानं गाडी वळायला चांगली किंवा वाईट होते, हे ऐकून बऱ्याच जणांना नवल वाटेल. धूर बाहेर टाकायची नळी ती, तिचा वळण्याशी काय संबंध? मला हा संबंध कळला २०११ साली, आणि तेव्हापासून तो डोक्यातून गेलेला नाही. मुलांनी गाडी गरम करायला घेतली आहे. तेवढ्यात ती गोष्ट सांगतो.

(दृश्य : पडद्यावर रेखाचित्र. शर्यतीच्या गाडीचा तळ, मागे वर उचललेला.)

मुंबई-आग्रा हायवेवर दुचाकी चालवताना शेजारून कंटेनर सुसाट गेला की आपण त्याच्याकडे ओढले जातो. वडाळीभोई, चांदवडकडे जाणाऱ्या कुणालाही हा अनुभव असेल. दोन गाड्यांच्या मधून हवा वेगानं धावते आणि तिथला दाब कमी होतो. फॉर्म्युला वनच्या गाडीत हाच खेळ तिच्या पोटाखाली चालतो. तळ मागच्या बाजूला वर उचललेला असतो, त्याला डिफ्यूझर म्हणतात. त्यामुळे खालची हवा वेगानं ओढली जाते, दाब उतरतो आणि गाडी रस्त्याला चिकटते. अडचण येते ती कडेला. मागचं चाक फिरताना आपल्यापुढची हवा बाजूला फेकतं, ती डिफ्यूझरखाली घुसते आणि दाबाचा सगळा हिशेब बिघडवते.

रेड बुल संघाचे डिझायनर एड्रियन न्यूई यांनी संघाच्या २०१० च्या गाडीत एक्झॉस्टचं, म्हणजे धूर बाहेर टाकणाऱ्या पाइपचं, तोंड खाली, बरोबर या कडेकडे वळवलं. तापलेल्या वायूचा झोत चाक आणि डिफ्यूझर यांच्या मधे पडद्यासारखा उभा राहिला. कल्पना अगदी कोरी नव्हती. १९८३ मध्ये रेनॉनं डिफ्यूझरमध्ये एक्झॉस्ट सोडून पाहिलं होतं. पण आता ती नेमकी जागेवर बसली. त्या मोसमाआधीच्या चाचण्यांत दुसऱ्या संघांच्या नजरेत येऊ नये म्हणून रेड बुलनं गाडीवर एक्झॉस्टच्या जुन्या जागी चक्क एक्झॉस्टच्या चित्राचे स्टिकर चिकटवले होते. आधी टाकाऊ असलेल्या वायूला आता केवढी किंमत आली होती, हे त्या स्टिकरवरून कळतं.

मग आला २०११ चा फेब्रुवारी. मोसमाआधीची पहिली चाचणी स्पेनमधल्या वॅलेन्सियाला. प्रत्येक संघानं या झोताचा आपापला अर्थ लावला होता. सगळ्यांत धाडसी रेनॉ : त्यांनी एक्झॉस्ट मागे सोडलाच नाही. पाइप उलटे पुढे नेले आणि साइडपॉडच्या, म्हणजे गाडीच्या बाजूच्या फुगीर भागाच्या, पुढच्या टोकाशी, तळाच्या सुरुवातीलाच बाहेर काढले. झोतानं पूर्ण तळाखालून धावावं, अशी अपेक्षा. ३ फेब्रुवारीला, चाचणीच्या शेवटच्या दिवशी, रेनॉचा चालक रॉबर्ट कुबित्सा याच गाडीत सर्वांत वेगवान ठरला. घड्याळावर विश्वास ठेवला, तर उत्तर मिळालं होतं.

तीनच दिवसांनी इटलीतल्या एका रॅलीत कुबित्साचा भीषण अपघात झाला आणि त्याचा तो मोसम सुरू होण्याआधीच संपला. त्या गाडीतून तो पुढे काय करू शकला असता, हा प्रश्न मला आजही सलतो. पण गाडीचा स्वभाव मात्र उघड झाला. मोसमाच्या पहिल्या दोन शर्यतींत रेनॉचे चालक पेट्रोव्ह आणि हाइडफेल्ड यांनी तिसरे क्रमांक मिळवले, आणि नंतर ती मागे पडत गेली. वेगवान वळणांवर ती ठीक होती. संथ वळणांवर ती पकड देत नसे. वर्षअखेर रेनॉ पाचव्या क्रमांकावर, ७३ गुण.

मॅकलारेनचं उलट झालं. त्यांनी इतका गुंतागुंतीचा एक्झॉस्ट केला होता की लोक त्याला ‘ऑक्टोपस’ म्हणू लागले. चाचणीत तो टिकेचना. गाडी धावण्यापेक्षा गॅरेजमध्येच जास्त. शेवटी पहिल्या शर्यतीच्या तोंडावर त्यांनी तो काढून टाकला आणि रेड बुलसारखा सरळ मार्ग धरला. २७ मार्चला मेलबर्नमध्ये त्यांचा चालक हॅमिल्टन दुसरा आला. त्या वर्षी मॅकलारेननं सहा शर्यती जिंकल्या. महिनाभर जपलेली गोष्ट ऐन वेळी हातानं उचलून बाजूला ठेवायची, याला छाती लागते.

(दृश्य : पुन्हा यार्ड. मुलगा हेल्मेट घालून गाडीत बसतो.)

साडेसात. लांब सायलेन्सर लावलेली गाडी गोलात शिरते. टायर थंड आहेत, जमीन थंड आहे. पहिल्याच फेऱ्यात पुढची चाकं वळलेली दिसतात आणि गाडी मात्र सरळ बाहेर सरकते. कडेला ठेवलेला शंकू उडतो. एक मुलगी धावत जाऊन तो परत जागेवर ठेवते. असे पाच-सहा धाव होतात. वेळा वहीत उतरतात, पेन्सिलीनं, कारण या थंडीत पेनाची शाई उतरत नाही.

मग सायलेन्सर बदलायचा. तापलेल्या पाइपला हात लावता येत नाही, म्हणून ओलं पोतं टाकून थांबायचं. चहा होतो. दहा वाजतात. ऊन आता पूर्ण यार्डभर पसरलेलं. आखूड सायलेन्सर लागतो आणि गाडी पुन्हा गोलात जाते.

वेळ सुधारते. थोडी नाही, चांगलीच सुधारते. मुलं ओरडतात, एकमेकांच्या पाठीवर थापा मारतात. कुणीतरी म्हणतं, “ठरलं! हाच न्यायचा!”

कॅप्टन वहीकडे बघत गप्प उभी आहे. मग म्हणते, “आधी पहिला परत लावा.”

या एका वाक्यासाठी मी ही फिल्म करतोय, असं म्हटलं तरी चालेल. सकाळी साडेसातला एक आणि दहाला दुसरा, यात तुम्ही दोन सायलेन्सर ताडून पाहत नाही. तुम्ही थंडी आणि ऊन ताडून पाहता. फॉर्म्युला वनच्या चाचण्यांत हीच फसगत मोठ्या प्रमाणावर होते. तेव्हा फेब्रुवारीतल्या स्पेनमध्ये सकाळी रस्ता गार असे, दुपारी ऊबदार. एका गाडीच्या टाकीत किती इंधन आहे, हे दुसऱ्याला माहीत नसतं. दहा किलो जास्त इंधन म्हणजे एका फेरीत सेकंदाचा तिसरा हिस्सा तरी गेलाच. त्यात २०११ ला पिरेलीचे टायर नवे, भराभर झिजणारे. म्हणून जाणकार मंडळी वेळांच्या तक्त्याकडे पाठ फिरवून वळणाजवळ जाऊन उभी राहायची. गाडीचं नाक लगेच आत येतं का? बाहेर पडताना चालवणारा स्टिअरिंग एकदाच सरळ करतो की तीनदा सावरतो? आणि इंजिनाचा आवाज कुठे तुटतो?

तो आवाज मी एकदा स्वतः ऐकलाय. २०११ ची दिवाळी. भाऊबीजेचं ओवाळून घेतलं आणि नाशिकरोडला मंगला एक्सप्रेस पकडली. रविवारी, ३० ऑक्टोबरला, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत होती. मागच्या एक किलोमीटरच्या सरळ रस्त्यानंतर गाड्या चौथ्या वळणाला जिथे करकचून ब्रेक मारतात, तिथून जवळच मी उभा होतो. मला वाटलं होतं, पाय उचलला की इंजिन शांत होईल. ते झालं नाही. ब्रेक मारल्यावरही मागून फाटका, घोगरा घरघराट येतच राहिला, जणू इंजिनाला कुणी सांगितलंच नव्हतं की आता थांबायचंय.

आणि खरंच कुणी सांगितलं नव्हतं. एक्झॉस्टच्या झोतावर पकड अवलंबून ठेवली, तर मोठा पेच येतो : चालवणारा वळणाआधी पाय उचलतो, वायू थांबतो, आणि जेव्हा पकड सर्वांत जास्त हवी तेव्हाच ती जाते. म्हणून इंजिनिअरांनी इंजिनाचं मॅपिंग, म्हणजे त्याच्या संगणकातली मांडणी, असं केलं, की पाय वर असला तरी थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, उघडाच राहावा. नुसती हवा ढकलली तर त्याला कोल्ड ब्लोइंग म्हणत. थोडं इंधन सोडून ठिणगी उशिरा पाडली आणि ते एक्झॉस्टपाशी जाळलं, तर हॉट ब्लोइंग. इंधन जास्त जळे, पाइप भयंकर तापत, पण मागची चाकं रस्त्याला धरून राहत. जुलैमध्ये सिल्व्हरस्टोनला यावर मर्यादा आणली : पाय काढल्यावर थ्रॉटल फक्त दहा टक्के उघडा. ती शर्यत फेरारीच्या अलोन्सोनं जिंकली, आणि फेरारीचा त्या वर्षातला तो एकमेव विजय. पुढच्याच शर्यतीपासून मर्यादा मागे घेतली गेली. नोएडाला मला तो घरघराट ऐकू आला, तो त्यामुळेच.

अशा गाडीनं माणसाच्या पायाची सवयच उलटी करायला लावली. मागची बाजू सुटतेय असं वाटलं की पाय उचलायचा, ही आपली सहजबुद्धी. इथे पाय आणखी दाबायचा, कारण वायू आला की पकड येते. रेड बुलच्या सेबास्टियन फेटेलला हे अंगवळणी पडलं. त्याच गाडीत मार्क वेबरला ते जड गेलं. २०११ मध्ये फेटेलचे १५ पोल (शर्यतीत सर्वांत पुढून सुरुवात) आणि ११ विजय. वेबरचे ३ पोल आणि शेवटच्या शर्यतीत १ विजय. इंजिन तेच, पंख तेच. वेबर काही लेचापेचा चालक नव्हता. त्याचा उजवा पाय आयुष्यभर वेगळी भाषा शिकला होता, असंच मी मानतो.

२०१२ ला एक्झॉस्टचं तोंड वर, तळापासून लांब न्यायचा नियम आला. तरी संघांनी गाडीच्या अंगावरून तो झोत खाली उतरवण्याच्या युक्त्या काढल्याच. २०१४ ला टर्बो इंजिनं आली, मधोमध एकच पाइप राहिला आणि हा अध्याय संपला.

(दृश्य : टेबल. लांब सायलेन्सर उलटा करून बघणारे हात.)

इकडे लांब सायलेन्सर परत लावायला घेतला, तर डब्याच्या मानेपाशी केसासारखी बारीक चीर. नख फिरवल्यावर लागते. सकाळच्या धावांत पडलेली. कॅप्टन क्षणभर डोळे मिटते. मग सायलेन्सर पोत्यात गुंडाळून दोघं जण दुचाकीवरून अंबडला निघतात. मीही मागोमाग.

अंबड एमआयडीसीतला हा गाळा दोन शटरांचा आहे. तो चालवणारे काका पूर्वी सातपूरला कारखान्यात होते, आता आर्गन वेल्डिंगची कामं घेतात. त्यांनी चीर पाहिली, डबा हातात फिरवला आणि विचारलं, “हा चेसीला कशानं धरलाय?”

“बोल्ट आहेत, काका. दोन.”

“टाइट?”

“एकदम.”

“मग बरोबर आहे,” काका म्हणाले. “इंजिन हलतं, चेसी हलत नाही. मध्ये जो असेल तो तुटणार.”

त्यांनी मान घासून चकचकीत केली, पाइपच्या आतून आर्गन सोडला आणि वेल्ड मारला. तो मी अगदी जवळून पाहिला : टाचेवरच्या शिवणीसारखे सारखे टाके, कडेला फिकट सोनेरी रंग. मग जुन्या बाइकच्या सायलेन्सरच्या दोन स्प्रिंगा आणि एक रबरी बुश त्यांनी खोक्यातून शोधून काढला. मान आता घट्ट नव्हती, सरकती होती, स्प्रिंगेवर धरलेली. पैसे विचारले तर म्हणाले, “चला, मी पण येतो. बघू तरी काय करता पोरं.” शटर अर्धं ओढलं आणि माझ्या दुचाकीवर मागे बसले.

वाटेत मायको सर्कलच्या सिग्नलला त्यांनी मला विचारलं, “आखूड पाइप का नको? जोर लावतो ना तो?”

लावतो, पण वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला खूप जास्त फेरे घेत असताना. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडला की दाबाची एक लाट पाइपातून धावत सुटते. उघड्या तोंडाशी पोचली की ती ओढीची लाट होऊन माघारी येते. ती बरोबर वेळेला परत आली, तर सिलिंडरमधला उरलासुरला जळका वायू ओढून काढते आणि ताजी हवा आत येते. पाइप लांब असेल तर लाटेला वेळ लागतो, म्हणून तिचा फायदा कमी आरपीएमला मिळतो. आखूड असेल तर जास्त आरपीएमला. आता या स्पर्धेचा नियम असा, की इंजिनात जाणारी सगळी हवा २० मिलिमीटरच्या भोकातून गेली पाहिजे. म्हणजे वरच्या आरपीएमला इंजिनाचा गळा आधीच आवळलेला. आखूड पाइप जिथे जोर देतो तिथे हवाच नाही, आणि गोलात गाडी जिथे फिरते त्या मधल्या पट्ट्यात त्याला खळगा पडतो.

आवाजाचंही आहेच. स्पर्धेत मर्यादा ११० डेसिबलची. या इंजिनाला साडेसात हजार आरपीएमला, पाइपच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर मोजतात. आखूड सायलेन्सर काठावर होता.

(दृश्य : यार्ड. सावल्या आखूड झालेल्या.)

सव्वा वाजता लांब सायलेन्सर पुन्हा गाडीवर. तीन धाव. वही पुढे होते. सगळे डोकावतात.

सकाळपेक्षा कितीतरी चांगली वेळ. आखूड सायलेन्सरच्या जवळपास तीच. म्हणजे दहा वाजताचा तो आनंद बराचसा उन्हाचा होता.

मग घड्याळ ठरवणार नसेल, तर कोण? कॅप्टन चालवणाऱ्या मुलाला खाली बसवते, पाणी देते आणि विचारते, “वेळ विसर. पायाला काय लागलं ते सांग.”

तो थोडा वेळ विचार करतो. “आखूड असताना गोलात पाय एका जागी ठेवताच येत नव्हता. थोडा दिला की काहीच नाही. अजून थोडा दिला की एकदम पळायची आणि मागची चाकं सुटायची. मग मी सोडायचो, मग परत. आणि उजवीकडून डावीकडे जाताना शेपूट उशिरा यायची. मागे कुणीतरी बसल्यासारखं.”

शेपूट उशिरा येणं, हे चाकांमागे लटकणाऱ्या डब्याचं काम. लांब सायलेन्सर दीड किलोनं जड असला, तरी त्याचं वजन गाडीच्या पोटाशी आहे. कावडीची दोन्ही टोकं लांब असली की वळायला वेळ लागतो; तोच भार छातीशी धरला तर माणूस चटकन फिरतो. हे मुलांनी पुस्तकात वाचलं होतं. आज त्यांच्यातल्या एकाच्या पाठीला कळलं.

पावणेदोन. फाटकाशी पहिला ट्रक येऊन उभा राहिलाय, ड्रायव्हर खाली उतरून बघतोय. कॅप्टन हात जोडून पाच मिनिटं मागते. शेवटचा धाव.

गाडी गोलात शिरते. उजवीकडे एक, उजवीकडे दोन. काका खडूच्या रेघेपासून दहा पावलांवर उभे आहेत. स्टॉपवॉच धरलेली मुलगी त्यांच्या शेजारी. काकांनी डोळे मिटलेत, मान थोडी कललेली. गाडी आठाच्या मध्यातून डावीकडे वळते. आवाज एका सुरात, कुठे वर नाही, कुठे तुटत नाही.

“आता त्याचा पाय हलत नाहीये,” काका म्हणतात.

मुलगी स्टॉपवॉच दाबायचं विसरते.